चार फुटांचे दांडके : खटला पाहायला गेलेले विद्यार्थी आणि एका पंचाची साक्ष

कोल्हापुरातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयातला मारहाणीचा एक खटला आणि तो पाहायला बसलेले विधी शाखेचे विद्यार्थी, यांचे हे प्रकरण आहे. गाव, माणसे, महाविद्यालय आणि खटल्याचा क्रमांक दिलेला नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे एलएल.बी.च्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्याने दोन खटले प्रत्यक्ष पाहायचे असतात, एक दिवाणी आणि एक फौजदारी. अभिरूप न्यायालय (नकली खटला चालवण्याचा सराव), खटल्याचे निरीक्षण, अशिलाची मुलाखत, दाव्याची पूर्वतयारी आणि तोंडी परीक्षा अशा १०० गुणांच्या पेपरात निरीक्षणाला ३० गुण आहेत. वेगवेगळ्या तारखांना हजर राहायचे, खटल्याचा प्रत्येक टप्पा नोंदवहीत लिहायचा, एवढीच नियमाची मागणी आहे.

ही नोंदवही पुष्कळदा आदल्या वर्षीच्या फाइलवरून उतरवली जाते. त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. तारखेला गेले की साक्षीदार आलेला नसतो, साक्षीदार आला तर वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात, आणि दिवस कॉरिडॉरमध्ये जातो. या गटाच्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी मात्र उतरवलेली फाइल घेणार नाही असे सुरुवातीलाच सांगितले होते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या शेवटच्या वर्षाच्या पाच जणांनी एकच फौजदारी खटला धरायचा आणि निकालापर्यंत पाहायचा, असे ठरले. हा आग्रह पूर्णपणे रास्त होता. पुढे जे घडले त्याचा दोष त्या आग्रहाला देता येणार नाही.

फौजदारी न्यायालय खुले असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२७ मध्ये होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६६ आहे. बसायला कायद्याने परवानगी लागत नाही. तरी पीठासीन अधिकाऱ्यांना महाविद्यालयाचे पत्र देण्याची पद्धत चांगली आहे, आणि ते दिलेही होते. त्यात विद्यार्थ्यांची नावे, वर्ग आणि कालावधी होता. कोर्टात कसे वागायचे याच्या सूचना तोंडी दिल्या होत्या: मोबाइल बंद, न्यायाधीश आले की उभे राहायचे, आपसात बोलायचे नाही, साक्ष चालू असताना ये-जा नाही. या सगळ्या सूचना दालनाच्या आतल्या होत्या. दालनाबाहेर काय करायचे आणि काय नाही, यावर कोणी एक शब्दही बोलले नव्हते.

खटला निवडताना

गटातले दोघे पहिल्या दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत जाऊन आले. तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम सुरू झाले आहे, आणि शहरात उत्साह असल्याने 'कोर्ट बघायचे तर तिथेच' असे अनेकांना वाटते. उच्च न्यायालयात अपिले, जामीन अर्ज, रिट याचिका चालतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देतो आहे असे दृश्य तिथे दिसत नाही. खटला पाहायचा असेल तर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलातच जावे लागते.

तिथेही कोणता खटला, हा प्रश्न होता. सगळ्यांचा ओढा सत्र न्यायालयातल्या खुनाच्या खटल्याकडे. पण त्यात साक्षीदारांची यादी वीस-पंचवीसांची असते आणि शैक्षणिक वर्ष संपते तेव्हा खटला मध्यावरच असतो. बलात्काराच्या खटल्यांची आणि पॉक्सोखालची (बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालची) सुनावणी बंद दालनात होते, तो प्रश्नच नव्हता. धनादेश न वटल्याचे, कलम १३८ चे खटले भरपूर, पण त्यांत फिर्यादीचा सरतपास, म्हणजे त्याच्याच बाजूने घेतली जाणारी पहिली साक्ष, शपथपत्रावर येतो, म्हणजे विद्यार्थ्याला फक्त उलटतपास ऐकायला मिळतो. किरकोळ खटले आरोपीने गुन्हा कबूल केला की दंड भरून पाच मिनिटांत संपतात.

प्राध्यापिकांनी सहायक सरकारी अभियोक्त्यांना (सरकारी वकिलांना) आणि न्यायाधीशांच्या दालनातले कामकाज सांभाळणाऱ्या बेंच क्लर्कना तीन गोष्टी विचारल्या. दोषारोप निश्चित होऊन साक्षीपुरावा सुरू व्हायच्या बेतात असलेला खटला कोणता? दोषारोपपत्रातल्या यादीत साक्षीदार दहाच्या आत आहेत का? आरोपी तारखांना हजर राहतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आरोपी गैरहजर राहून वॉरंट निघाले की दोन-तीन महिने जातात. यातून जो खटला पुढे आला तो साधा होता आणि शिकण्यासाठी उत्तम होता. निवड चुकली असे कोणालाही म्हणता येणार नाही.

खटला

करवीर तालुक्यातल्या एका गावात २०२२ मध्ये शेताच्या बांधावरून दोन कुटुंबांत भांडण झाले. एकाच्या खांद्याला आणि हाताला बाभळीच्या दांडक्याचा मार लागला. दोन आरोपींवर भारतीय दंड संहितेची कलमे ३२४ (घातक साधनाने दुखापत), ५०४ (शांतताभंगासाठी अपमान), ५०६ (धमकी) सह ३४ (समान उद्देश) लागली. दोघे जामिनावर. साक्षीदार सात: जखमी फिर्यादी, शेजारच्या रानातला प्रत्यक्षदर्शी, दांडके जप्त केल्याच्या पंचनाम्याचे दोन पंच, घटनास्थळाचा एक पंच, वैद्यकीय अधिकारी आणि तपासी अंमलदार.

नोंदवहीतली पहिली चूक पहिल्याच पानावर झाली. एका विद्यार्थिनीने कलम ३२४ खोडून भारतीय न्याय संहितेचे ११८(१) लिहिले, कारण वर्गात तेच शिकवले होते. नवे कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले; गुन्हा आणि दोषारोपपत्र दोन्ही त्याच्या आधीचे असल्याने हा खटला शेवटपर्यंत जुन्या दंड संहितेखाली, जुन्या प्रक्रिया संहितेखाली आणि जुन्या पुरावा कायद्याखालीच चालणार होता. नव्या कायद्यांच्या व्यावृत्ती कलमांत, म्हणजे जुनी प्रकरणे जुन्या कायद्याखाली चालू ठेवणाऱ्या कलमांत, ही सोय आहे. आज कोर्टात बसणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही क्रमांक यावे लागतात, आणि या खटल्यात कोणते लागू हे तारखेवरून ठरवता यावे लागते.

दांडक्याच्या मापाला या खटल्यात वजन का होते, हे आधी समजून घ्यायला हवे. कलम ३२४ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यासाठी दुखापत भोसकण्याच्या, कापण्याच्या किंवा हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू येण्याचा संभव असलेल्या साधनाने झाली, हे सिद्ध करावे लागते. तसे साधन सिद्ध झाले नाही तर साधी दुखापत उरते, म्हणजे कलम ३२३, एक वर्षापर्यंत. दांडके केवढे, किती जाड, आणि कोर्टात ठेवलेले तेच का, यावर सगळा फरक अवलंबून होता. बचाव पक्षाचा भर पहिल्यापासून इथेच होता.

जप्ती पंचनाम्यात दांडक्याची लांबी २ फूट ३ इंच लिहिलेली होती. आरोपीने पोलिसांसमोर निवेदन केले, पंच त्याच्याबरोबर गोठ्यात गेले, वैरणीमागून दांडके काढून दिले, मोजले, कागदात गुंडाळून सही केलेले लेबल लावले. पुरावा कायद्याच्या कलम २७ खालच्या, म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीवरून होणाऱ्या जप्तीचा हा नेहमीचा क्रम आहे.

पहिल्या तारखा आणि नोंदी घेण्याची रीत

पहिल्या दोन-तीन तारखांना काही झाले नाही. त्याही वाया गेल्या नाहीत. दाराजवळ लावलेला बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) कसा वाचायचा, पुकारा झाल्यावर आरोपी कुठे उभा राहतो, मुदतीचा अर्ज कसा देतात, रोजनाम्यात (खटल्याच्या तारीखवार नोंदीत) काय लिहिले जाते, हे विद्यार्थ्यांना तेव्हाच कळले. प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख पाहायची सवय लागली.

फिर्यादीच्या साक्षीच्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, पण टंकलेखन होते ते साक्षीदाराच्या तोंडच्या सलग निवेदनाचे. उलटतपासातली सूचना साक्षीदाराने नाकारली की 'हे म्हणणे खरे नाही की, मी वैमनस्यातून खोटी फिर्याद दिली' अशा साच्यात ती नोंदली जाते. विद्यार्थ्यांनी वहीचे दोन भाग केले: डावीकडे प्रश्न-उत्तर जसे ऐकले तसे, उजवीकडे न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलेले वाक्य. ही रीत फार उपयोगाची आहे. पुराव्याचा कायदा पुस्तकातून बाहेर येऊन काम करताना दिसतो तो या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत. पण तिचा दुसरा परिणाम असा झाला की विद्यार्थ्यांच्या हातात प्रत्येक साक्षीचा जवळपास शब्दशः वृत्तान्त आला, आणि तो त्याच दिवशी, त्याच आवारात, त्यांच्या पिशवीत होता.

दुपारची सुट्टी

त्या दिवशी पाचांपैकी तिघे हजर होते. त्यांना अ, ब आणि क म्हणू. सकाळी प्रत्यक्षदर्शीची, म्हणजे साक्षीदार क्रमांक २ ची साक्ष झाली. उलटतपासात त्याने दांडके 'चार फुटांचे, मनगटाएवढे जाड' असल्याचे सांगितले. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यावर एकही प्रश्न वाढवला नाही. ते उत्तर त्यांना हवेच होते.

जप्तीचा पहिला पंच साक्षीदार क्रमांक ३ होता. साक्ष व्हायची असलेल्या साक्षीदाराला आत बसू देत नाहीत, म्हणून तो सकाळी एस.टी.ने येऊन ११ वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीतला शेतकरी. कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढलेला. त्याचा नंबर दुपारी लागेल एवढेच पट्टेवाल्याने सांगितले होते.

दोन वाजता कोर्ट उठले. तिघे विद्यार्थी चहाला निघाले. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात फाइल: त्या बाकावरून पाहणाऱ्याला ते ज्युनिअर वकीलच वाटणार. पंचाने अ ला थांबवले.

"साहेब, आत काय इचारालेत ओ?"

अ शेजारच्याच गावचा. त्याला त्या माणसाची घालमेल दिसली. वही उघडून त्याने सांगितले, "काही नाही काका, दांडकं केवढं होतं ते विचारलं. त्यांनी चार फूट सांगितलं." पंच म्हणाला, "व्हय, तेवढंच असंल." बोलणे एवढ्यावर संपले.

चहा घेताना ब म्हणाली की हे सांगायला नको होते. क ला ते फार वाटले नाही: पंचनामा तर लेखी आहे, त्यात काय बदलणार? अ गप्प राहिला. पुन्हा कोर्ट सुरू व्हायला वीसेक मिनिटे होती. कोणाला सांगायचे तर ती वेळ होती. कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावर बचाव पक्षाच्या वकिलांचे ज्युनिअर बसले होते, आणि बाकाजवळचे बोलणे त्यांनी येताना पाहिले होते. हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हते.

साक्ष

सरतपासात सरकारी वकिलांनी आधी मुद्देमाल उघडला नाही, दांडक्याचे वर्णन विचारले. मुद्देमाल दाखवण्यापूर्वी स्मरणातून वर्णन घेतले तर नंतरच्या ओळखीला वजन येते, म्हणून हा क्रम बरोबरच होता. पंच म्हणाला, "साडेतीन-चार फूट असंल." मग कागद सोडला, दांडके पुढे आले, लेबलावरची सही त्याने ओळखली आणि 'हेच ते' असेही सांगितले. दांडके जेमतेम सव्वादोन फुटांचे होते. दालनातल्या प्रत्येकाला ते दिसत होते.

उलटतपासात पहिले चार-पाच प्रश्न गोठ्याबद्दल आणि सह्यांबद्दल झाले. मग लांबीतला फरक त्याच्याकडून कबूल करून घेतला. त्यानंतरचा प्रश्न : "चार फूट हे तुम्हाला कुठून कळलं?" उत्तर माहीत नसताना अनुभवी वकील असा प्रश्न विचारत नाही.

पंचाने मागच्या बाकाकडे बोट केले. "ही मागं बसल्याली पोरं हाईत न्हवं, त्यांनी भाईर सांगितलं."

न्यायाधीशांनी ते उत्तर नोंदवून घेतले: 'हे खरे आहे की, दुपारच्या सुट्टीत न्यायालयात बसलेल्या विद्यार्थ्यांनी मला आधीच्या साक्षीदाराने सांगितलेली लांबी सांगितली.' विद्यार्थ्यांना त्या क्षणी कोणी काही विचारले नाही. सरकारी वकिलांनी फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा प्रश्न विचारताना, पंचनाम्यावरची सही दाखवून त्यातला मजकूर खरा असल्याचे पंचाकडून वदवून घेतले. ते उशिराचे होते.

खरे तर पंचाला मदतीचा कायदेशीर रस्ता होता. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे (भारतीय साक्ष अधिनियमात १६२) साक्षीदार त्या वेळी केलेल्या कागदावरून साक्ष देताना स्मरण ताजे करू शकतो. तीन वर्षांपूर्वीचे माप आठवत नाही, एवढे तो पिंजऱ्यात म्हणाला असता, तर न्यायालयाच्या परवानगीने पंचनामा त्याच्या हातात देता आला असता. 'आठवत नाही' ही जागा अ च्या उत्तराने भरून टाकली. नुकसान झाले ते इथे. पंच खोटे बोलत नव्हता. रिकाम्या जागी कानावर आलेला आकडा बसला, आणि तो दुसऱ्याचा होता.

समोर आलेले पर्याय

साक्ष संपल्यावर तिघांनी बाहेर येऊन प्राध्यापिकांना फोन केला. त्या तासाभरात पोहोचल्या. तेव्हा विचारात घेतलेले मार्ग असे होते.

गप्प राहणे. उत्तरात कोणाचे नाव आलेले नव्हते, 'विद्यार्थी' एवढेच नोंदले गेले होते. क चा कल इकडे होता, आणि भीतीही खरी होती: न्यायालयाच्या अवमानाची, कोर्टात बसण्याची सवलत पुढच्या वर्गांसाठीही जाण्याची. पण पंचाला नेमके कोणी आणि काय सांगितले हे बचाव पक्षाला माहीत होते, सरकारी पक्षाला नव्हते. गप्प राहिले असते तर एका बाजूकडे माहिती आणि दुसरीकडे अंदाज, अशी स्थिती राहिली असती.

सरकारी वकिलांना जाऊन सांगणे. ते ओळखीचे होते, खटला त्यांनीच सुचवला होता, त्यामुळे पाय आपोआप तिकडेच वळले असते. त्यात दोष तोच, उलट्या बाजूने. शिवाय विद्यार्थी सरकार पक्षाचे आहेत असा बचावाचा समज आणखी घट्ट झाला असता.

चेंबरमध्ये न्यायाधीशांना भेटून माफी मागणे. अ ला हेच मनापासून करायचे होते. प्राध्यापिकांनी ते ठामपणे थांबवले. चालू खटल्याबद्दल एका पक्षाच्याही गैरहजेरीत न्यायाधीशांशी बोलायचे नसते, आणि पश्चात्ताप कितीही खरा असला तरी हा नियम त्याच्यासाठी वाकत नाही. हा नियम इथेच शिकायला मिळाला, हे चांगले झाले.

शेवटचा मार्ग लेखी निवेदनाचा: बेंच क्लर्कमार्फत, खुल्या न्यायालयात, दोन्ही वकिलांना प्रत देऊन.

काय केले

चौथा मार्ग घेतला, आणि त्याच दिवशी घेतला. निवेदन अ ने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले. पहिल्या मसुद्यात 'मदतीच्या भावनेने', 'अनवधानाने', 'हेतू नव्हता' असे बरेच काही होते. प्राध्यापिकांनी ते सगळे काढायला लावले. राहिले ते एवढे: वेळ, जागा, पंचाने काय विचारले, अ ने नेमके काय उत्तर दिले, पंच त्यावर काय म्हणाला, सोबत कोण होते, आणि याआधी किंवा नंतर कोणत्याही साक्षीदाराशी बोलणे झालेले नाही. जेमतेम आठ ओळी. हेतूचे समर्थन अशा कागदात घातले की वाचणाऱ्याचे लक्ष घटनेवरून हेतूकडे जाते, आणि दोन्ही पक्षांना गरज घटनेची असते.

बोर्ड संपल्यावर दोन्ही वकील हजर असताना ते दिले गेले. न्यायाधीशांनी अ ला एकच प्रश्न विचारला: वही उघडून वाचून दाखवले की आठवणीतून सांगितले? अ ने वही उघडली होती असे सांगितले. निवेदन नोंदीवर घेतले गेले, रोजनाम्यात उल्लेख झाला. अवमानाची कारवाई झाली नाही. समज मात्र स्पष्ट शब्दांत मिळाली : आत बसायचे तर पूर्ण सत्र बसायचे आणि आवारात कोणत्याही साक्षीदाराशी, आरोपीशी किंवा त्यांच्या नातलगांशी बोलायचे नाही.

सरकारी वकील नाराज होते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. "मला साक्षीआधी कळलं असतं तर मी पंचनाम्यापासूनच सुरुवात केली असती."

पुढचा निर्णय कोणाच्या ध्यानात आला नसता, तो प्राध्यापिकांच्या आला. बचाव पक्षाने ठरवले असते तर अ ला बचावाचा साक्षीदार म्हणून बोलावता आले असते. म्हणजे अ आता निरीक्षक राहिला नव्हता, तो संभाव्य साक्षीदार झाला होता, आणि पंचाला आत बसू न देणारा नियम त्यालाही लागू होता. सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार, पुराव्याबद्दल न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांना आरोपींचा कलम ३१३ खालचा जबाब आणि बचावाच्या पुराव्याचा टप्पा संपेपर्यंत तो दालनात गेला नाही. बचावाने त्याला बोलावले नाही, पंचाची कबुलीच त्यांना पुरेशी होती. अ ची वैद्यकीय अधिकाऱ्यांची आणि तपासी अंमलदारांची साक्ष हुकली. मित्रांच्या वहीवरून ती उतरवून न घेता त्याने दुसऱ्या खटल्यातली तशीच एक साक्ष पाहिली आणि वहीत ती दुसऱ्या खटल्याची असल्याचे लिहिले.

नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाचाही प्रश्न होता. अ ला ते पान साक्षीपुरते ठेवायचे होते. शेवटी सुट्टीतले बोलणे, उत्तर आणि निवेदन हे तिघांनीही आपापल्या वहीत घटनाक्रमातच लिहिले. प्राध्यापिका स्वतः या प्रकरणात गुंतल्या असल्याने त्या तीन वह्या दुसऱ्या प्राध्यापकांनी तपासल्या.

निकाल

खटल्याचा निकाल काही महिन्यांनी लागला. कलम ५०४ आणि ५०६ मधून दोन्ही आरोपी सुटले. कलम ३२४ सिद्ध झाले नाही. जखमीची साक्ष आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांवरून एका आरोपीला ३२३ खाली दोषी धरून दंड झाला.

विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा निकालपत्रातला उल्लेख दोन वाक्यांचा आहे: पंचाने सांगितलेली लांबी त्याच्या स्वतःच्या स्मरणातली नसल्याने तिच्यावर विसंबता येत नाही. पण ३२४ न टिकण्याची कारणे आणखीही दिलेली आहेत. जप्तीचा दुसरा पंच फितूर झाला होता. दांडके वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून 'या जखमा याने होऊ शकतात का' असे मत तपासात घेतलेलेच नव्हते. आणि प्रत्यक्षदर्शीचे चार फूट तर अ ने काही सांगण्याच्या आधीपासून नोंदीवर होते. त्यामुळे अ बोलला नसता तर निकाल वेगळा लागला असता असे म्हणता येत नाही, आणि लागलाच नसता असेही नाही. दोन पंचांपैकी एक फितूर झाल्यावर जप्तीचा भार पूर्णपणे या एका माणसावर होता. पंचनामा पाहून त्याने सव्वादोन फूट सांगितले असते तर निदान कोर्टातले दांडके आणि गोठ्यातले दांडके एकच, हे टिकण्याची शक्यता होती.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी संधी त्या वीस मिनिटांत होती. ब ला चूक कळली होती. पंच पिंजऱ्यात जाण्याआधी बेंच क्लर्कना सांगून दोन्ही वकिलांच्या कानावर घातले असते, तर न्यायालयाला त्या दिवशी पंचाची साक्ष पुढे ढकलता आली असती, किंवा सरतपास पंचनाम्यापासून सुरू झाला असता आणि पंचाला कोणी काय सांगितले हे सुरुवातीलाच उघड झाले असते. ब ने ते केले नाही, कारण चूक तिची नव्हती आणि मित्राची चहाडी केल्यासारखे तिला वाटले. याबद्दल विद्यार्थ्यांशी आधीच बोलून ठेवायला हवे होते: गटातल्या कोणाच्याही हातून असे घडले तर सांगण्याची जबाबदारी ज्याला कळले त्याची आहे, आणि सांगायचे ते बेंच क्लर्कमार्फत न्यायालयाला, दोन्ही वकील हजर असताना.

दुसरी गोष्ट पेहरावाची. गणवेश ठीक आहे, पण गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र मोठ्या अक्षरांत 'विद्यार्थी' लिहिलेले असते तर पंचाने 'साहेब' म्हणून हाक मारलीच नसती असे नाही, तरी अ ला उत्तर टाळायला आधार मिळाला असता.

उत्तर टाळण्याचे वाक्यही पाठ हवे. 'मला सांगता येत नाही' हे शेजारच्या गावच्या वयस्कर माणसाला म्हणणे जड जाते, ते उर्मट वाटते. 'काका, मी शिकायला आलोय, आतलं बाहेर सांगायला मला बंदी आहे. सरकारी वकीलसाहेबांना विचारा' हे जमते. यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा, कारण त्या माणसाची गरज खरी होती. तीन तास बाकावर बसवून ठेवलेल्या पंचाशी सकाळी कोणी दोन मिनिटे बोलले असते, आठवत नसेल तर तसे सांगायचे एवढे त्याला कळले असते, तर तो विद्यार्थ्याकडे वळला नसता. हे काम विद्यार्थ्यांचे नव्हते.

दोन रकान्यांची वही बंद करण्याची सूचनाही आली होती. ती प्राध्यापिकांनी मानली नाही, आणि ते योग्य झाले. त्या वहीशिवाय निरीक्षण म्हणजे नुसते बसणे. बदल एवढाच केला की सत्र संपले की वही पिशवीत जाते आणि आवार सोडेपर्यंत बाहेर निघत नाही. आपसातली चर्चाही आवारात होत नाही. अ ने पंचाला काहीच सांगितले नसते, पण चहाच्या टेबलावर तिघे चार फुटांबद्दल मोठ्याने बोलले असते आणि पंच शेजारी बसलेला असता, तर परिणाम तोच झाला असता.

पुढच्या वर्षीच्या पत्रात नावांच्या खाली एक परिच्छेद वाढला आहे: साक्षीच्या दिवशी विद्यार्थी पूर्ण सत्र बसतील, सुट्टीत आवाराबाहेर जातील, आणि कोणत्याही साक्षीदाराशी बोलणे झाल्यास त्याच दिवशी लेखी कळवतील. पत्रावर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र सही घेतली जाते. सुट्टी अर्ध्या तासाचीच असल्याने जेवायला लांब जाता येत नाही, म्हणून डबा आणायचा आणि फाटकाबाहेर खाऊन परत यायचे, असे ठरले आहे. पावसाळ्यात ते कसे जमवायचे हे अजून सुटलेले नाही. तोवर जोराचा पाऊस असेल त्या दिवशी साक्ष असली तरी गटातल्या दोघांनीच जायचे, अशी सोय केली आहे.